मुलुंडच्या एका सोसायटीची ‘महिला सुरक्षा सूचना’: एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२४च्या शेवटी मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लेटरहेडवर छापलेलं एक पान लागलं. खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का. सोसायटी जुनी, बहुतेक मालक मराठी. मुलं परदेशी किंवा ठाण्यापलीकडे गेल्यामुळे रिकामे पडलेले काही फ्लॅट पीजी म्हणून मुलींना दिलेले. (ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि इमारतीचे काही तपशील बदलले आहेत. नोटिशीतला आशय बदललेला नाही.)

शीर्षक होतं ‘महिला व मुलींच्या सुरक्षेसाठी सूचना’. रात्री दहानंतर एकटीने बाहेर पडू नये. लिफ्टमध्ये अनोळखी पुरुष असल्यास जिन्याने जावे. शोभतील असे अंगभर कपडे घालावेत. कुरिअरवाल्याला दार उघडू नये. मोबाईलवर अनोळखी मुलांशी मैत्री करू नये. पर्समध्ये मिरचीपूड बाळगावी. प्रसंग आल्यास आरडाओरडा करून प्रतिकार करावा. पीजीमधील मुलींनी दहाच्या आत परतावे, येण्याची वेळ गेटवरील रजिस्टरमध्ये लिहावी आणि मित्रांना आवारात आणू नये. पालकांनी मुलींवर लक्ष ठेवावे.

कमिटीचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिला मारलं होतं. २० तारखेला बदलापूरला लोक रुळांवर उतरले होते, कारण शाळेत चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळत ठेवलं गेलं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आपण काहीतरी केलं पाहिजे’चे मेसेज धडाधड येत होते. चेअरमननी सेक्रेटरींना सांगितलं, सेक्रेटरींनी कुठून कुठून आलेले फॉरवर्ड एकत्र करून पान तयार केलं. पण ज्या दोन घटनांमुळे हे पान लिहिलं गेलं, त्यांतली एक रुग्णालयात कामावर असताना घडली आणि दुसरी शाळेत. पानावरची एकही ओळ त्या डॉक्टरच्या किंवा त्या पोरींच्या कामाची नव्हती. बालवाडीतल्या पोरीने कोणते कपडे घालायला हवे होते?

हे एकट्या मुलुंडमध्ये घडत नव्हतं. त्याच आठवड्यांत आसाममधल्या सिलचरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने महिला डॉक्टरांना निर्जन, अंधाऱ्या जागा टाळायला सांगणारं पत्रक काढलं आणि आरडाओरडा झाल्यावर मागे घेतलं.

प्रकरण आमच्याकडे कसं आलं

मी महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेत समुपदेशक आहे. बी विंगमधल्या एक बाई पालिकेच्या रुग्णालयात नर्स आहेत, सोसायटीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. नोटीस वाचून त्या थेट सेक्रेटरींच्या दारात गेल्या.

“काका, माझी ईव्हिनिंग असली की घरी यायला अकरा वाजतात. नाइट असली की मी रात्री बाहेरच. दहानंतर बाहेर पडायचं नाही, तर वॉर्डात कोण जाणार?”

“अगं, ते तुझ्यासाठी नाहीये.”

“मग कोणासाठी आहे?”

काकांना उत्तर देता आलं नाही. सगळ्या प्रकरणाची गाठ खरं तर इथेच आहे. कामाला जाणारी, लग्न झालेली, पंचवीस वर्षं ओळखीची बाई रात्री अकराला परतली तर तिची काळजी वाटते. तीन महिन्यांपूर्वी राहायला आलेली, जीन्समधली, कानात हेडफोन घातलेली मुलगी त्याच वेळी परतली तर तिची चौकशी होते. नोटीस कागदावर सगळ्यांसाठी होती. तिचा रोख मात्र पीजीतल्या मुलींवर होता, आणि हे त्या मुलींना पहिल्या दिवशीच कळलं होतं.

रात्रपाळीचा हा मुद्दा पुढे महिनाभरातच सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये, असं पश्चिम बंगाल सरकारने ठरवलं होतं. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्यावर सरकारला फटकारलं: सुरक्षा देणं तुमचं काम, बायकांना रात्री काम करू नका असं सांगता येणार नाही. सिस्टरनी ती बातमी ग्रुपवर टाकली. अंगठे बरेच आले, बोललं कोणीच नाही. मग त्यांनी आम्हाला फोन केला.

चिठ्ठ्या

पहिल्याच भेटीत नोटीस काढून टाका म्हटलं असतं तर कमिटी अडून बसली असती. आम्ही रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसबाहेर, पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून बैठक ठेवायला सांगितली आणि पुरुषांनाही बोलावलं. मी एकच गोष्ट मागितली. आपल्याला आजवर नकोसा स्पर्श, पाठलाग, जबरदस्ती यांतलं काही सोसावं लागलं असेल, तर कुठे आणि कोणाकडून, एवढंच बायकांनी चिठ्ठीवर लिहावं. नाव लिहायचं नाही. आधी मी एकटी वाचेन आणि वाचून दाखवण्यासारखं असेल तेवढंच वाचेन, हेही सांगितलं. चिठ्ठ्या टाकायला कोणीतरी घरातून लाडवांचा स्टीलचा डबा आणला. तळाला थोडा बेसनाचा चुरा होता, कागद तेलकट झाले.

वाचून दाखवलेल्या चिठ्ठ्यांमध्ये अशा ओळी होत्या: ‘मामेभाऊ. मी सातवीत.’ ‘क्लासचे सर, शंकेच्या निमित्ताने.’ ‘दादर स्टेशनचा पूल, गर्दीत.’ ‘आमच्याच बिल्डिंगमधले आजोबा. पाठीवर हात ठेवून आशीर्वाद देतात, हात खाली जातो.’ ‘ऑफिसचे सीनियर, ड्रॉप देतो म्हणून.’ ‘नवरा. पण ते धरतात का?’

आजोबांच्या चिठ्ठीला बायकांच्या बाजूने एक दबकं हसू आलं आणि लगेच विरलं. कोण, ते बऱ्याच जणींना माहीत असावं. कुरिअरवाला एकाही चिठ्ठीत नव्हता. पुलावरची गर्दी सोडली तर सगळे नावानिशी ओळखीचे.

सेक्रेटरी काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आपण भलत्याच दाराला कडी लावत होतो.”

चिठ्ठ्यांतून दिसलं ते सरकारी आकड्यांशी जुळतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले आणि ९६ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा होता: घरातला, शेजारी, मालक, मित्र. या आकड्यात लग्नाच्या आमिषाचे गुन्हेही येतात, त्यामुळे तो जसाच्या तसा फेकून वाद जिंकायला जाऊ नये. पण तेवढं मान्य करूनही, अनोळखी माणसापासून जपा एवढंच सांगणारी नोटीस खऱ्या धोक्याकडे पाठ करून उभी राहते. आणि नवऱ्याची चिठ्ठी या आकड्यात नाही. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ने बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. त्या बाईंना घरगुती हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याचा आधार आहे, एवढं बैठकीत सांगितलं.

“कुलूप लावतोच की आपण”

हा युक्तिवाद येणार हे ठाऊक होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तो मांडला, आणि चांगला मांडला. “चोर वाईट, हे मान्य. म्हणून आपण घर उघडं टाकून जातो का? कुलूप लावतोच की आपण. मुलीला सांभाळून राहा म्हटलं तर त्यात दोष देणं कुठे आलं?”

सिस्टर म्हणाल्या, “आणि चावी घरातल्याच माणसाकडे असली तर?”

मी त्यात एवढीच भर घातली की कुलूप साधं होतं म्हणून चोरीची तक्रार द्यायला कोणाला लाज वाटत नाही. पोलीसही विचारत नाहीत की एवढे दागिने घरात ठेवायची हौस कशाला. बलात्काराच्या बाबतीत मात्र आपण आधी दिलेली सूचना नंतर त्या बाईच्या विरुद्ध वापरतो. शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराचं उदाहरण मुंबईत सगळ्यांना आठवतं. २२ ऑगस्ट २०१३, महालक्ष्मीची बंद गिरणी, छायाचित्रकार तरुणी कामासाठी गेलेली, संध्याकाळची वेळ, बरोबर पुरुष सहकारी. म्हणजे ‘एकटी जाऊ नको’ पाळलेलं, ‘रात्री जाऊ नको’ पाळलेलं. तरी पुढच्या जानेवारीत राज्य महिला आयोगाच्याच एका सदस्याने नागपुरात जाहीरपणे विचारलं की ती तशा निर्जन जागी गेलीच कशाला. एक सूचना पाळली की दुसरी न पाळलेली सापडतेच.

सिस्टरनी अरुणा शानभाग यांची आठवण काढली. १९७३, परळचं केईएम. ड्युटी संपवून रुग्णालयाच्याच तळघरात कपडे बदलत असलेल्या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. त्याला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. शानभाग जवळपास बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात पडून राहिल्या आणि मे २०१५मध्ये गेल्या. “आमच्या ट्रेनिंगला ही गोष्ट सगळ्यांना माहीत असायची,” सिस्टर म्हणाल्या. “सीनियर आम्हाला सांगायच्या, बेसमेंटला एकटी जाऊ नकोस. तिथे दिवा लावा, असं कोणी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.”

‘आरडाओरडा करावा’

नोटिशीतली मला सगळ्यात घातक वाटलेली ओळ कपड्यांची नव्हती. कपड्यांची ओळ वाचून आता निम्मे लोक स्वतःच ओशाळतात. ‘आरडाओरडा करून प्रतिकार करावा’ ही ओळ मात्र कोणालाच खटकत नाही, आणि कोर्टात बाईवर सर्वांत जास्त उलटली ती हीच.

मथुरा प्रकरण आपल्याच राज्यातलं. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, तेव्हा ती राजी असणार, असा तर्क. पोलीस ठाण्यात, रात्री, पोलिसांपुढे तिने कोणाला हाक मारायची होती? उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मुंबईत १९८०मध्ये बलात्काराविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही, हे आज कायद्यातच लिहिलेलं आहे. पूर्वीच्या संबंधांवरून चारित्र्य काढायची वाट २००३ आणि २०१३च्या दुरुस्त्यांनी बंद केली. बाईला संबंधांची सवय आहे का हे बोटांनी तपासणारी ‘दोन बोटांची चाचणी’ करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये बजावलं.

कायदा इतका पुढे आला, पण आपल्या जिन्यातली नोटीस १९७८मध्येच उभी आहे. कितीतरी बायका अशा वेळी ओरडत नाहीत. अंग लाकडासारखं होतं, आवाज फुटत नाही, ही भीतीची शारीरिक प्रतिक्रिया आहे. ज्या मुलीने रोज जाता-येता ‘आरडाओरडा करावा’ वाचलं आणि ऐनवेळी जिचा आवाज फुटला नाही, ती पहिला दोष स्वतःलाच देते. तिला दुसऱ्या कोणी दोष द्यायची गरजच उरत नाही.

न वाचलेली चिठ्ठी

एक चिठ्ठी मी वाचून दाखवली नाही. तीत जागा होती ‘गच्ची’ आणि पुढे लिहिलं होतं, ‘दहा वाजून गेले होते आणि मीच त्याला वर बोलावलं होतं, म्हणून कोणाला सांगितलं नाही.’

बैठक संपल्यावर मी सगळ्यांना म्हटलं की अजून तासभर ऑफिसात बसणार आहे, कोणाला काही विचारायचं असेल तर या. एक-दोघी खरोखरच घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं विचारून गेल्या. ती सगळ्यात शेवटी आली. घटना नोटीस लागल्यानंतरची होती. मुलगा इमारतीतलाच, तिच्या चांगल्या ओळखीचा. तिने नोटिशीतल्या दोन ओळी मोडल्या होत्या आणि त्या तिला तोंडपाठ होत्या. “मी तक्रार केली असती तर आधी मला फ्लॅट सोडायला सांगितलं असतं ना?” तिचा हा अंदाज चुकीचा होता असं मला म्हणता येईना.

तिने पुढे काय केलं ते इथे येणार नाही, तो निर्णय तिचा आहे. या अभ्यासासाठी एवढंच पुरे की त्या पानाने घटना टळली नाही, मात्र तिचं बोलणं लांबलं. तपासणीतून मिळू शकणारा पुरावा त्या दिवसांत गेला. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. तीही वेळ टळली होती.

तेव्हापासून सुरक्षेची कुठलीही सूचना आली की मी एकच प्रश्न लावून बघते. ही सूचना जिने पाळली नाही, तिला उद्या काही झालं, तर ती आपल्याकडे येईल की तोंड लपवेल?

रजिस्टर

गेटवरचं रजिस्टर मी बैठकीच्या दिवशीच पाहिलं होतं. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही, वॉचमनच्या टेबलावर उघडी. रकाने आखलेले: नाव, फ्लॅट, मोबाईल, येण्याची वेळ. पीजीतल्या मुलींची पानंच्या पानं. त्याच वहीत मागच्या बाजूने डिलिव्हरीवाले, प्लंबर, केबलवाले सह्या करत होते. कुठली मुलगी कुठल्या वारी किती वाजता एकटी परतते आणि तिचा नंबर काय, हे गेटमधून आत येणाऱ्या कोणालाही उभ्या उभ्या वाचता येत होतं. एकीला अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. नंबर कुठून गेला याचा तिला पत्ता नव्हता. वही दाखवल्यावर चेअरमननी ती त्याच क्षणी बंद करून कपाटात टाकली. इतक्या झटपट पटलेली ही एकच गोष्ट.

नवं पान

खरी अडचण एका आईने मांडली. “ताई, तुमचं सगळं पटतं. पण माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, मला तिला काहीतरी सांगायचंच आहे. काय सांगू?”

सांगा की. आईने मुलीला ‘रिक्षाचा नंबर पाठव’ म्हणणं आणि सोसायटीने शिक्का मारून सगळ्या मुलींना वेळेत या म्हणणं, यात फरक आहे. आई घाबरली तरी मुलगी घरी आल्यावर तिला जवळ घेते. नोटीस तसं करत नाही. शिवाय मुंबईतल्या कुठल्याही मुलीला हे सांगावंच लागत नाही. रात्री लेडीज डब्यात पोलीस आहे का ते बघून चढणं, रिकामा डबा सोडून देणं, घराची चावी मुठीत धरून चालणं, हे ती शाळेपासून करत आली आहे. तिला न सांगितलेलं एकच असतं: काही झालं तर चूक तुझी नाही, आणि मी रागावणार नाही. मी त्या आईला हेच वाक्य द्यायला सांगितलं, आणि घरात मुलगा असेल तर त्यालाही बसवून सांगायला, की समोरची गप्प आहे म्हणजे हो म्हणाली असं नाही.

नवं पान सिस्टर, एक वकील रहिवासी आणि मी मिळून लिहिलं. त्यात बायकांनी काय टाळावं याची यादी नाही. सोसायटी काय करणार आणि काही घडलं तर काय करायचं, एवढंच आहे. कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत आणि ताबडतोब उपचार द्यायचे असतात. एफआयआर नसला तरी तपासणी होते. कपडे न धुता कागदात ठेवावेत, पण आंघोळ झाली, कपडे धुतले, तरी जावंच. नाव उघड करणं हा गुन्हा आहे, ग्रुपवर कुजबुजणंही त्यात येतं. ११२, पोलिसांची १०३, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. मीटर रूमला कुलूप, गच्चीच्या जिन्यात दिवा, सीसीटीव्ही कोण बघणार त्याचं नाव.

कमिटीत यावर दोन बैठका झाल्या. कपड्यांची ओळ सर्वांत आधी गेली, कोणीच बाजू घेतली नाही. दाराला साखळी लावण्याचं काकांनी हट्टाने ठेवलं. वृद्धांनाही लागू म्हणून आम्हीही हरकत घेतली नाही. दहाच्या वेळेवर मात्र खूप ओढाताण झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे नियम सुरक्षेच्या नावाखाली वसतिगृहातल्या मुलींवर वेगळे निर्बंध घालायला मनाई करतात, हे वकीलबाईंनी वाचून दाखवलं. त्यावर एका मालकाने, “हे हॉस्टेल नाही, माझं घर आहे,” असं सुनावलं. नियम सोसायटीच्या पानावरून गेला, पण काही मालकांनी तो आपापल्या करारात ठेवला. पाठीवर हात ठेवणारे आजोबा बैठकीनंतर ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांच्याशी बोलायला चेअरमन स्वतः गेले होते, काय बोलले ते आम्हाला कळलं नाही.

बैठकीला घरकामाच्या मावश्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. त्या इमारतीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्याच असतात, तरी ‘महिला’ म्हटल्यावर त्या कोणाच्या डोळ्यांपुढे आल्या नाहीत. नंतर दुपारी कामं उरकल्यावर त्यांना वेगळं भेटलो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो. त्यांनी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यायची, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. त्यांतल्या एकीलाही हे माहीत नव्हतं. एकीने विचारलं, “पण त्या साहेबांच्या घरचं काम सुटेल त्याचं काय?” समितीचा पत्ता नव्या पानावर घालायचा ठराव कमिटीने पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. सिस्टरनी तोवर तो हाताने लिहून लिफ्टमध्ये चिकटवलाय.